टरफलं मातीत कालवण्याआधी या चुका टाळा

पंधरा दिवसांतून एकदा तरी माझ्या मातीच्या भांड्यांच्या वर्कशॉपच्या दारात कुणीतरी पिशवी घेऊन उभं असतं. पिशवीत अंड्यांची न धुतलेली टरफलं आणि तोंडावर कचरा कमी केल्याचं समाधान. "ताई, हे मातीत घालून कप करायचेत. शनिवारपर्यंत होतील ना?" मी पिशवी घेते, नाक मुरडते आणि तीच टकळी लावते. आता घसा बसायला लागलाय, म्हणून लिहूनच काढतेय.

आधी एक समजून घ्या. अंड्याचं टरफल, तिसऱ्यांच्या शिंपा, कालवांची कवचं हा सगळा एकाच जातीचा माल आहे. टरफलात साधारण ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे चुनखडी. कोकणात शिंपल्या भाजून चुना करायचे ते याच्याच जोरावर. तेव्हा तुम्ही मातीत कचरा घालत नाही आहात, चुना घालताय. मातीत चुनखडीचे खडे दिसले की वीटभट्टीवाला कपाळाला हात का लावतो, ते एकदा त्याला विचारा.

मला हे माहीत होतं, तरीही मी माती खाल्लीच. तीन वर्षांपूर्वी एका कॅफेने साठ कप सांगितले: लाल माती, त्यात टरफलांचे पांढरे ठिपके. कोपऱ्यावरच्या भुर्जीच्या गाडीवरून टरफलं आणली, उकळली, वाळवली, मिक्सरमधून काढली आणि रव्याच्या चाळणीने चाळली. बारीक चाळण समोर टांगलेली होती. पण जाड कण दिसायला छान दिसतात ना! ९८० अंशांना भट्टी लावली. कप इतके देखणे निघाले की मी फोटो काढत बसले. पेंढ्यात बांधून पाठवून दिले.

सहाव्या दिवशी फोन. "ताई, कप आपोआप फुटतायत." मी गेले. बाहेर आषाढाचा पाऊस, आत फळीवर रांगेने कप. मी बघत असतानाच एका कपातून 'टिक' असा आवाज आला आणि मसुराच्या डाळीएवढी कपची उडून खाली पडली. खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका. नखाने उकरला तर पीठ. साठांपैकी एकेचाळीस कप असे गेले. पैसे परत केले, भट्टीची वीज गेली, माती गेली. पिशवीभर टरफलं वाचवायला किती कचरा केला याचा हिशेब मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

झालं होतं असं: ८००-९०० अंशांच्या आसपास कार्बोनेटमधला कर्बवायू निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. तो मातीत निमूट बसून राहतो, हवेतला ओलावा पितो आणि फुगतो. आकारमान जवळपास दुप्पट होतं. भाजलेली माती काही ताणली जात नाही, ती तडकते. कोरड्या दिवसांत कदाचित महिना लागला असता, आषाढात सहा दिवस पुरले.

आता मी ८० मेशच्या (इंचाला ८० भोकांच्या) जाळीतून कोरडं चाळते, मग पाण्यात कालवून १०० मेशमधून. चिमटीत चोळून पाहायचं: टाल्कम पावडरसारखं लागलं पाहिजे, रवाळ लागलं तर परत खलात. कण इतके बारीक असले की चुना मातीतल्या सिलिकाशी जुळून जातो, एकटा शिल्लक राहत नाही. कोरड्या मातीच्या ५ टक्क्यांवर मी जात नाही. तरी शंका असेल तर भट्टीतून काढल्या काढल्या भांडी बादलीत पूर्ण बुडवून रात्रभर ठेवते. पाणी एकदम भरपूर मिळालं की चुना तिथल्या तिथे विझून मऊ पडतो. सगळं वाचत नाही, बरंचसं वाचतं. आणि ठिपकेच हवे असतील तर जुन्या विटेचा चुरा घाला, कशाला जिवाशी खेळ.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे 'राख ती राख'. कुणीतरी कुठेतरी वाचतं की राखेचं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, होतं, आणि भातगिरणीवरून तुसाची राख पोतंभर उचलून आणतं. लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश असतं, म्हणून ती वितळायला मदत करते. तुसाची राख जवळजवळ ९० टक्के सिलिका. ती वितळवत नाही, उलट तिलाच वितळवावं लागतं. नुसती लावलीत तर भांड्यावर भिंतीच्या पोपड्यासारखा थर बसतो आणि बोट लावलं की झडतो. जपानी कुंभार हीच राख शतकानुशतकं वापरतात, पण जोडीला लाकडाची राख आणि फेल्डस्पार (भट्टीत वितळणारं खनिज) घेऊन. मी तिन्ही समभाग घेते, १२८० अंशांना दुधाळ पांढरं ग्लेझ मिळतं. हे लाल मातीच्या भांड्यावर लावू नका, त्या उष्णतेला भांडंच बसेल. आणि राख चुलीतली असेल तर त्या चुलीत दुधाच्या पिशव्या जाळल्या नव्हत्या ना, ते विचारून घ्या.

'टरफलं आधी भाजून घेऊ, मग कुटायला सोपं' हा शॉर्टकट सगळ्यांना आपणच शोधल्यासारखा वाटतो. कुटायला सोपं होतं, खरंय. पण तो आता कळीचा चुना आहे. एका उत्साही मुलाने तो थेट ग्लेझच्या बादलीत ओतून हाताने ढवळला: बादली गरम, ग्लेझ दह्यासारखं घट्ट, हात लालभडक. शिवाय मापही चुकतं, कारण १ किलो कार्बोनेट भाजल्यावर ५६० ग्रॅमच उरतं. न भाजलेली बारीक पूड मात्र ग्लेझमध्ये व्हायटिंगच्या (विकतच्या चुनखडी पुडीच्या) जागी वजनाला वजन चालते. टरफलांचं खरं घर तेच आहे, मातीत नाही.

बाकीचं भराभर. टरफलाच्या आतला पापुद्रा काढला नाहीत तर पूड चार दिवसांत कुजते. उकळा, चोळा, कडक वाळवा. शिंपल्यांतलं मीठ गोड्या पाण्यात आठवडाभर, रोज पाणी बदलून काढा, नाहीतर भट्टीत त्याचा वायू होऊन कॉईल खातो. चहाचा चोथा किंवा कॉफी घातलीत तर ३०० ते ७०० अंशांमध्ये भट्टी सावकाश चढवा, घाई केलीत तर गाभा काळा राहतो. आणि चोथ्याच्या जागी भोकं उरतात, तेव्हा त्या मातीची कुंडी करा, कप नको. पूड करताना मास्क लावा, रुमाल नव्हे. स्वयंपाकघरातला मिक्सर वापरू नका, मी वापरलाय, घरात अजून ऐकून घेते.

ओटीजीमध्ये 'सिरॅमिक' भाजणारे वेगळेच. टरफलाची पूड आणि डिंक कालवून २०० अंशांना वाळवलेली वस्तू शोभेला ठेवा, सुंदर दिसते. तिला सिरॅमिक म्हणू नका आणि तिच्यात चहा तर ओतूच नका. दुसऱ्या दिवशी लगदा घेऊन माझ्याकडेच येता.

शनिवारचं विचाराल तर एका टरफलाचं वजन पाच-सहा ग्रॅम. किलोभर पुडीला १८० अंडी लागतात. धुणं-वाळवणं, कुटणं-चाळणं, मग भांडं घडवून आठवडाभर वाळू देणं (पावसात दोन आठवडे), पहिली भाजणी, ग्लेझ, दुसरी भाजणी. आता मोजा.

शेवटी लिंबू. ग्लेझ स्वतः बनवलंय, तर अर्धं लिंबू कापून आतल्या बाजूला पालथं घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग फिकटला किंवा चकाकी गेली, तर त्या भांड्यात ताक, सोलकढी, चिंचेचं सार काहीच नको. रंग टिकला म्हणजे पास असं नाही. विकायचं असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या. माझ्या टेबलावर एक हिरवा कप आहे, आत लिंबाचा गोल पांढुरका डाग पडलेला. त्यात पेनं असतात.