सिगारेट सोडताय? मग तंबाखूचा खर्राही सोडा, तरच रक्ताभिसरण सुधारेल

तारीख ठरवा. त्या दिवशी घरातली, गाडीच्या डिकीतली पाकिटं आणि लायटर फेकून द्या. "रोज एकेक कमी करतो" असं कुणी म्हटलं की मी तिथेच अडवतो. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो.

शेवटच्या सिगारेटनंतर 20 मिनिटांत नाडी आणि रक्तदाब उतरू लागतात. साधारण 12 तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड सामान्य पातळीला येतो आणि त्याने हिमोग्लोबिनवर अडवलेली जागा ऑक्सिजनला परत मिळते.

खरा घोळ होतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पानठेल्यावर. तर्री-पोहे झाले, चहा झाला, हात खिशाकडे जातो आणि शेजारचा म्हणतो, "सिगारेट सोडली ना भाऊ, मग खर्रा घे." मी दोनदा इथेच घसरलो. धूर बंद झाला म्हणून समाधानी होतो, पण नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या काठाने चालताना पायाला रक्त कमी पडून पोटरीत सिगारेटच्या दिवसांतला तोच गोळा यायचा. दोन मिनिटं थांबलं की जायचा, शंभर पावलं टाकली की पुन्हा हजर. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेल्या त्या सुपारी-चुन्यात तंबाखूच आहे; त्यातलं निकोटिन गालातून रक्तात उतरतं आणि रक्तवाहिन्या आकसतात. तिसऱ्या खेपेला दोन्ही एकाच दिवशी सोडलं, तेव्हा सुटलं. त्यानंतर कामावरच्या बऱ्याच जणांना सोबत केली. खर्रा धरून सिगारेट सोडणारे बहुतेक सगळे सिगारेटकडे परतले. "सिगारेटऐवजी खर्रा घे" हा सल्ला घरातल्या वडीलधाऱ्यांनी दिला तरी ऐकू नका.

तलफ आली की पाच मिनिटं काढा, ती ओसरते. अगदीच असह्य झालं तर निकोटिनचा च्युइंगम घ्या: त्यात मात्रा मोजलेली असते आणि तो काही आठवड्यांत कमी करत बंद करायचा असतो. मात्र तो साध्या च्युइंगमसारखा चघळत राहू नका. तिखट लागला की गालात दाबून ठेवा, झिणझिण गेली की पुन्हा चावा. तो घेण्याआधीची 15 मिनिटं चहा-कॉफी नको. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

चहा निम्मा करा. धुरामुळे यकृत कॅफिन झपाट्याने संपवत असतं. सिगारेट सुटली की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं, छाती धडधडते, झोप उडते आणि माणसाला वाटतं, सोडल्यानेच बिघडलं.

रोज अर्धा तास चाला. पोटरी दुखली तर थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. रक्ताभिसरणातला फरक 2 ते 12 आठवड्यांत पडतो; वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. मदतीला 1800-11-2356 हा मोफत सरकारी क्रमांक आहे.

बसल्याजागी पाय दुखत असेल, बोट काळंनिळं पडलं असेल किंवा बोटावरची जखम भरत नसेल, तर आठवडे मोजत बसू नका. आजच डॉक्टरांना पाय दाखवा.