दुर्मीळ इंग्रजी आडनाव कुठून आलं आणि आज किती जणांचं आहे हे कसं शोधायचं: 'कंबरबॅच'चं उदाहरण घेऊन

माझी भाची बर्मिंगहॅमला नोकरी करते, तिच्या टीममधल्या एका मुलीचं आडनाव कंबरबॅच आहे. घराणं मूळचं बार्बाडोसचं, आजी-आजोबा तिथून बोटीने इंग्लंडला आलेले. आणि नवीन कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, तू त्या नटाची, बेनेडिक्ट कंबरबॅचची नातेवाईक का? भाचीने मला फोन करून विचारलं, मामा, तू आडनावांचं एवढं शोधत असतोस तर हे आडनाव नक्की कुठलं आणि जगात अशी किती माणसं असतील, सांग ना. मला या विषयाचं मनापासून वेड आहे, त्यामुळे मी लगेच बसलोच, आणि त्यातून जी पद्धत हाताशी आली ती इथे सविस्तर लिहितोय. कुठलंही दुर्मीळ इंग्रजी आडनाव घ्या, याच वाटेने जाता येईल.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. आडनाव कुठून आलं हा एक प्रश्न, आज ते किती जणांचं आहे हा दुसरा, आणि ते लावणारे सगळे एकमेकांचे रक्ताचे नातेवाईक आहेत का हा तिसरा. लोक हे तिन्ही एकत्र कालवतात आणि मग चुकीच्या निष्कर्षावर येतात. वहीत तिन्हींसाठी वेगवेगळी पानं ठेवा, अगदी खरंच ठेवा.

पहिलं काम म्हणजे स्पेलिंगं गोळा करणं. मी सुरुवातीला आज जे स्पेलिंग चालतं तेवढंच टाकून तीन संध्याकाळी घालवल्या आणि निम्म्या नोंदी हातच्या गेल्या, कारण जुन्या काळी पाद्री किंवा कारकून कानाला जसं ऐकू येईल तसं लिहायचा आणि ज्याचं नाव त्याला बहुतेक वेळा लिहिता-वाचता येत नसायचं. कंबरबॅचमध्ये (Cumberbatch) सुरुवातीला 'यू'च्या जागी 'ओ' येतो, शेवटी 'टीसीएच'च्या जागी नुसतं 'सीएच' येतं, आणि दुसऱ्या 'बी'चा 'पी' होऊन चक्क 'कंबरपॅच' असं वेगळं आडनावच तयार झालंय. असे सगळे प्रकार कागदावर लिहून काढा. साउंडेक्स नावाची एक जुनी युक्ती आहे, अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलेलं, त्यात नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर सोडून द्यायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा, असे तीन आकडे झाले की थांबायचं. 'बी' आणि 'पी' दोघांना १, 'एम'ला ५, 'आर'ला ६. कंबरबॅच करून बघा, सी ५१६ येतो, कॉम्बरबाखचाही (Comberbach) सी ५१६, कंबरपॅचचाही तोच. म्हणजे हे तिन्ही प्रकार एकाच खणात पडतात. फॅमिलीसर्चसारख्या, वंशावळीच्या जुन्या नोंदी असलेल्या साइटवर अक्षरांच्या जागी तारांकन (*) किंवा प्रश्नचिन्ह टाकूनही शोधता येतं, तेही करा.

दुसरं काम, अर्थ. इंग्रजी आडनावं साधारण चार वाटांनी आली, बापाच्या नावावरून, धंद्यावरून, टोपणनावावरून आणि गावावरून, आणि साधारण तेरावं-चौदावं शतक उलटेपर्यंत इंग्लंडात बहुतेक घरांत ती पक्की होत गेली. दुर्मीळ आडनाव असेल तर आधी गाव शोधा, कारण एका छोट्याशा गावावरून पडलेलं आडनाव मोजक्याच घरांकडे जातं आणि म्हणूनच दुर्मीळ राहतं. इंग्लंडचा नकाशा उघडून आडनावाशी जुळणारं गाव बघा, त्यातही जुनी स्पेलिंगं टाकून बघा. इथे लगेच सापडतं, चेशायर काउंटीत नॉर्थविचच्या उत्तरेला कॉम्बरबाख नावाचं छोटं गाव आहे.

आता त्या गावाच्या नावाचा अर्थ. यासाठी नॉटिंगहॅम विद्यापीठाचा इंग्रजी गावनावांचा मोफत ऑनलाइन कोश आहे, तो वापरा, अंदाजाने अर्थ लावू नका. नाहीतर 'कॉम्बर' म्हणजे लोकर विंचरणारा असं मनाशी ठरवून माणूस धंद्याच्या वाटेला लागतो आणि भरकटतो. खरं म्हणजे पहिला भाग जुन्या इंग्रजीतला 'कुंब्रा', म्हणजे मूळचा ब्रिटन जमातीचा, वेल्श माणूस, किंवा त्या नावाचाच एखादा माणूस. वेल्श लोक स्वतःच्या देशाला 'कमरी' म्हणतात तो शब्द आणि उत्तर इंग्लंडातल्या कंबरलँडमधला 'कंबर' याच मुळाचे. दुसरा भाग 'बॅच', म्हणजे खोलगट दरीतून जाणारा ओढा. चेशायरमध्येच सँडबाख गाव आहे, वाळूचा ओढा, आणि श्रॉपशायरमध्ये 'बॅच' हा शब्द दऱ्यांच्या नावात अजून आहे. जर्मनमध्ये ओढ्याला बाख म्हणतात तोही याचाच भाऊ. तर कंबरबॅच म्हणजे वेल्श लोकांचा, किंवा कुंब्राचा, ओढा. मला हे वाचल्यावर फार आनंद झाला, कारण एवढ्याशा नावात इंग्रज येण्याआधीच्या लोकांची खूण जपलेली असू शकते.

आणि गावावरून आडनाव पडण्याचा नियम आपल्याला समजवायला नकोच. चिपळुणात राहणाऱ्याला कोणी चिपळूणकर म्हणून हाक मारत नाही, तो दुसरीकडे गेला की म्हणतात. तिकडेही तसंच, फक्त 'कर' लागत नाही, सुरुवातीला 'अमुक गावचा' असं लिहायचे आणि नंतर मधला शब्द गळून नुसतं गाव उरलं. म्हणजे आडनावाच्या जुन्या नोंदी खुद्द गावापेक्षा आजूबाजूच्या दहा-वीस मैलांत शोधायच्या, हे लक्षात असू द्या.

तिसरं काम चर्चच्या नोंदींचं. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने इंग्लंडातल्या प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायला सुरुवात केली, त्यातल्या बऱ्याच वह्या टिकल्यात. इथे नवशिका हमखास अडकतो, कारण गावाचं नाव टाकलं की नोंदी येत नाहीत. कॉम्बरबाखला स्वतःचं जुनं पॅरिश चर्च नव्हतं, ते ग्रेट बडवर्थ या भल्यामोठ्या पॅरिशमधलं एक गाव, त्यामुळे वह्या ग्रेट बडवर्थच्या बघायच्या. तुमच्या आडनावाचं गाव कुठल्या पॅरिशमध्ये होतं हे आधी शोधा, अर्धं काम तिथेच होतं. आणखी एक, १७५२ च्या आधी इंग्लंडात कायदेशीर नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा वाचताना एक वर्षाचा घोळ होतो, बाप आणि मुलाच्या तारखा जुळत नाहीत असं वाटलं तर आधी हे तपासा.

घराण्याचं चिन्ह छापून विकणाऱ्या साइटवर पैसे घालवू नका. चिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळालेलं असतं, आडनावाला नाही.

चौथं काम मोजणीचं, आणि त्याचा पाया म्हणजे १८८१ ची जनगणना. ती का, तर इंग्लंड-वेल्सचा तिचा पूर्ण उतारा स्वयंसेवकांनी तयार केलाय आणि फॅमिलीसर्चवर मोफत खातं उघडून तो बघता येतो. सगळी स्पेलिंगं एकेक टाकायची, आकडा लिहायचा, आणि प्रत्येक आकड्यापुढे काउंटीही लिहायची. मग थोडी नावं उघडून बघा, कारण हस्ताक्षरातला 'सी' कुणीतरी 'ई' वाचलेला असतो, आणि लग्न होऊन आलेल्या बायकाही त्या आकड्यात असतात, त्या जन्माने त्या आडनावाच्या नसतात.

आजचा आकडा काढणं जास्त अवघड आहे. ब्रिटनमध्ये जनगणनेतली नावं शंभर वर्षं बंद ठेवतात, १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची कागदपत्रं १९४२ मध्ये आगीत जळून गेली, १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही, म्हणजे आता पुढची खुली होणार ती १९५१ ची, २०५२ च्या सुमाराला. मधे फक्त सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर हाताला लागतं. म्हणून आजचा आकडा आडून काढावा लागतो.

त्याच्या वाटा अशा. जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे, फ्रीबीएमडी या मोफत साइटवर तिची अनुक्रमणिका बघता येते, तिथे दर दहा वर्षांत त्या आडनावाचे किती जन्म आणि किती मृत्यू नोंदले गेले ते मोजा. जन्म सतत कमी पडत असतील तर आडनाव आटत चाललंय. १९११ च्या उत्तरार्धापासून छापील अनुक्रमणिकेत आईचं माहेरचं आडनावही येतं, त्यावरून एकेक कुटुंब वेगळं करता येतं. दुसरी वाट ऑक्सफर्डचा ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या आडनावांचा कोश, २०१६ चा, चार खंड, पंचेचाळीस हजारांहून जास्त आडनावं. त्यात १८८१ ची आणि २०११ च्या सुमाराची संख्या शेजारी शेजारी मिळते. विकत घ्यायला फार महाग आहे, पण इंग्लंडात कोणी ओळखीचं असेल तर तिथल्या बऱ्याच सार्वजनिक लायब्ररींच्या कार्डावर तो घरबसल्या ऑनलाइन उघडतो, माझ्या भाचीने तसाच उघडून मला वाचून दाखवला. फोरबेअर्ससारख्या साइट जगभराचा आकडा लगेच देतात, पण तो अंदाज असतो, दिशा समजायला ठीक, त्यावर पैज लावू नका.

आकडे मिळाले की लगेच आडनाव वाढलं किंवा घटलं म्हणू नका, आधी लोकसंख्येशी ताडून बघा. इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या १८८१ मध्ये सुमारे २ कोटी ६० लाख होती, २०११ मध्ये ५ कोटी ६१ लाख, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त. समजा एका आडनावाची १८८१ मध्ये २०० माणसं होती, म्हणजे दहा लाखांत साधारण ७.७. २०११ मध्येही तेवढंच प्रमाण टिकायचं तर ४३० च्या आसपास माणसं हवीत. ३०० सापडली तर दिसायला वाढली पण प्रत्यक्षात ते आडनाव मागे पडलं. आणि दुर्मीळ आडनावं नुसत्या योगायोगानेही नाहीशी होतात. चार भाऊ असतात, दोघांना फक्त मुली होतात, एक अविवाहित राहतो, एक परदेशी जातो, संपलं त्या गावातून. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८७० च्या दशकात याच प्रश्नावर गणित मांडायला लावलं होतं.

आता पाचवं काम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. समुद्रापलीकडे बघायचं. बार्बाडोसमध्ये अठराव्या शतकापासून कंबरबॅच घराण्याचे उसाचे मळे होते, सेंट अँड्र्यू पॅरिशमधला क्लेलंड हा त्यातला एक, आणि त्या मळ्यांवर गुलाम राबत होते. नट बेनेडिक्ट याच घराण्यातला. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, पण चार वर्षं 'उमेदवारी'च्या नावाखाली तेच काम करून घेतलं, खरी सुटका १८३८ मध्ये. आणि सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना, राबणाऱ्यांना एक पैसाही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या मोफत डेटाबेसमध्ये या मालकांची नावं आणि रकमा आडनावाने शोधता येतात, कुठल्याही दुर्मीळ इंग्रजी आडनावासाठी तिथे एकदा शोधाच.

आणि सुटका झालेल्या माणसांना आडनाव लागलं, बऱ्याच वेळा जुन्या मळेवाल्याचंच. म्हणून आज बार्बाडोस, त्रिनिदाद, न्यूयॉर्क आणि इंग्लंडमधल्या कितीतरी कंबरबॅचांचा चेशायरच्या त्या ओढ्याशी रक्ताचा संबंध असेलच असं नाही. क्रिकेट बघणाऱ्या जुन्या लोकांना वेस्ट इंडिजचे अंपायर क्लाइड कंबरबॅच आठवत असतील, ते त्रिनिदादचे. अमेरिकेच्या जनगणना खात्याचा २०१० चा आडनावांचा तक्ता डाउनलोड करून घ्या, शंभर किंवा जास्त माणसांची १ लाख ६२ हजार आडनावं त्यात आहेत आणि प्रत्येकापुढे त्या लोकांनी स्वतःचा वंश काय सांगितला याची टक्केवारीही आहे. इंग्रजी आडनावापुढे कृष्णवर्णीयांची टक्केवारी मोठी दिसली तर समजा की वहीतलं तिसरं पान आता उघडायचंय.

तिसऱ्या पानासाठी डीएनए टेस्ट मदत करते, कारण आडनाव आणि वाय गुणसूत्र दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांवर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांमध्ये समान पूर्वज बरेचदा दिसला, स्मिथसारख्या आडनावात तसं काही दिसलं नाही. पण मळ्यांवरच्या इतिहासात आडनाव एका वाटेने येतं आणि रक्त दुसऱ्या, शिवाय मालकांनी गुलाम बायकांवर केलेल्या जबरदस्तीतून आलेलं नातंही टेस्टमध्ये अचानक समोर येऊ शकतं. म्हणून टेस्ट कोणाला सुचवण्याआधी त्या माणसाशी नीट बोला, त्याला हे कळायची तयारी आहे का ते विचारा.

भाचीच्या त्या कंबरबॅच मैत्रिणीने टेस्ट नको म्हटलं, आधी कागद बघू म्हणाली. बार्बाडोसमधल्या गुलामांच्या याद्या १८१७ ते १८३४ च्या आहेत, मूळ कागद लंडनजवळ क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये टी ७१ या क्रमांकाखाली. त्यात बहुतेकांची नुसती नावं असतात, आडनाव नाहीच, शेजारी वय आणि मालकाचं नाव. त्यामुळे उलट्या बाजूने यावं लागतं, १८३४ नंतरच्या बाप्तिस्म्यात आडनावासकट पहिल्यांदा कोण दिसतं ते पकडायचं आणि वय जुळवत मागे यादीत शोधायचं. बार्बाडोसच्या चर्चच्या नोंदी फॅमिलीसर्चवर आहेत. सेंट अँड्र्यू पॅरिशची पानं आमची बघून झाली, या रविवारी फोनवर दोघींना घेऊन सेंट पीटरची सुरू करणार आहे.