तिळाकडे नंतर बघा, आधी टाच बघा

मोबाईलवर फिरणारं ते चित्र तुमच्याकडेही आलं असेल. गोऱ्या पाठीवर वेडावाकडा तीळ, आणि खाली तिळातला कॅन्सर ओळखायच्या पाच खुणा: दोन बाजू सारख्या नाहीत, कड फाटलेली, रंग एकाहून जास्त, रुंदी सहा मिलिमीटरच्या वर, आणि तो बदलतोय. खुणा खोट्या नाहीत. पण त्या गोऱ्या कातडीवर बघून बसवलेल्या आहेत. बेळगावजवळच्या येळ्ळूर-कडोलीच्या शिवारात जन्मभर राबलेल्या माणसाची नुसती पाठ बघून कुणी निर्धास्त झालं, की माझ्या कपाळाला आठ्या पडतात.

खानापूर तालुक्यात तीस वर्षं सिस्टर म्हणून काढली. त्यातली बरीच कुष्ठरोगाच्या सर्व्हेत गेली, म्हणजे लोकांच्या अंगावरचे चट्टे शोधण्यात. आपल्याकडे कातडीचा कॅन्सर कमी होतो हे खरं. पण होतो तेव्हा तो पुष्कळदा तळपाय, नख, जुना व्रण, क्वचित कंबर असल्या ठिकाणी धरतो, आणि तिथं कुणी बघतच नाही.

१. बघायचं कधी

महिन्यातून एकदा, आंघोळ झाल्यावर, दिवसाउजेडी दारात बसून. ट्यूबलाइटखाली नको. पाठ आणि कानामागचा भाग घरच्या माणसाला बघायला सांगा.

२. चेहरा आणि ओठ

नाकावर, डोळ्याच्या कोपऱ्याशी मण्यासारखी चकाकणारी पुळी, जिची खपली पडते आणि पुन्हा धरते. आपल्या रंगावर ती काळपट दिसते, म्हणून लोक तिला तीळ समजतात. खालच्या ओठावर न भरणारी चीर. तंबाखू खाणाऱ्याने आणि उन्हात राबणाऱ्याने तर बघायचीच.

३. जुने व्रण

लहानपणी चुलीवर भाजलेलं, पायाची वर्षानुवर्षं वाहणारी जखम, कुष्ठरोग्याच्या तळव्याचं क्षत. भाजल्यावर वीस-तीस वर्षांनीसुद्धा त्या व्रणात कॅन्सर उठू शकतो. व्रण नव्याने फुटला, कड उंच आणि कडक झाली, घाण वास यायला लागला, तर मलम बदलत बसू नका.

४. कंबर

बायकांनो, परकराच्या नाडीची जागा बघा. मुंबईत १९४५ साली डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घट्ट धोतर नेसण्याने कमरेला होणाऱ्या ‘धोतर कॅन्सर’ची नोंद केली होती. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी असाच कमरेचा कॅन्सर झालेल्या दोन बायकांची हकीकत छापली: एक परकराची नाडी करकचून बांधणारी, दुसरी लुगडं कमरेला आवळून नेसणारी. आधी वळ काळा पडतो, मग मधला रंग उडतो, खाज येते, खवले सुटतात. एवढ्यावर थांबलं तर नाडीच्या जागी रुंद पट्टी लावून आणि गाठ सैल करून भागतं. तिथं जखम होऊन भरेनाशी झाली, तर भागत नाही.

५. टाच आणि नख

इथंच मी स्वतः चुकले आहे.

माझी आत्या रोप लावायला चिखलात अनवाणी उतरायची. एका श्रावणात टाचेवर काळा डाग दिसला, चवलीएवढा, म्हणजे जुन्या दोन आण्यांच्या नाण्याएवढा. “कुरूप हाय गं, काय होत नाही,” म्हणाली. मी विचारलं, “दुखालंय काय?” ती नाही म्हणाली, आणि मी सुटकेचा श्वास टाकला. चट्टे ओळखण्यात तेव्हा माझी बारा वर्षं गेलेली होती! वर काटा मोडला म्हणून तिने बिब्बा घातलेला. त्यामुळे काळं नेमकं कशाचं हेच कळेना. मी ब्लेडने वरचा थर कोरला, कुरपाची पट्टी चिकटवली. शहरातल्या एका डॉक्टरांनीही न वाकता, लांबूनच बघून कुरूपच म्हणून मलम दिलं. पाच महिन्यांनी जांघेत गाठ आली तेव्हा कळलं, टाचेवरचा डागच कॅन्सर होता आणि गाठही त्याचीच. पुढे दीड वर्ष राहिली आत्या.

तेव्हापासून मी कुणालाही “दुखतंय का” हा प्रश्न पहिल्यांदा विचारत नाही. कुरूप दाबलं की दुखतं. हा कॅन्सर, डॉक्टर याला मेलॅनोमा म्हणतात, सुरुवातीला बहुधा दुखत नाही, खाजत नाही. न दुखणारा काळा डाग हीच काळजीची गोष्ट आहे, आणि आपण नेमकं उलटं धरून बसतो.

मग काळं कशाचं ते कळायचं कसं? तळव्यावर काळेपणा चार-पाच कारणांनी येतो: बिब्बा, काट्याचा तुकडा, चपलेच्या घासण्याने साकळलेलं रक्त, जन्माचा तीळ, आणि हा. पहिली तीन कारणं वरच्या मेलेल्या कातडीत असतात, ती तिच्याबरोबर झडतात. म्हणून पाय पंधरा मिनिटं कोमट पाण्यात बुडवून वजरीने हलके घासा. ब्लेड नाही, आणि बिब्बा, चुना-सोडा तर मुळीच नाही. जाळलेल्या कातडीवर पुढे डॉक्टरलाही काही वाचता येत नाही. मग डागाशेजारी रुपयाचं नाणं ठेवून दारातल्या उजेडात फोटो काढा. महिनाभराने तेच नाणं, तोच उजेड. डाग फिका होऊन झडत चाललाय, तर सोडा. आहे तिथंच आहे किंवा नाण्याच्या मानाने वाढलाय, तर दवाखाना. जन्मापासून असलेला, कधीच न हललेला तीळ असेल तर घाबरू नका, पण फोटो ठेवा. आणि रक्त येत असेल, ओलसर फुटलं असेल, तर महिना मोजू नका, लगेच जा.

नखाला वेगळा हिशोब. आपल्या लोकांच्या दोन-चार नखांवर फिकट तपकिरी उभ्या रेघा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. मोठ्या वयात एकाच नखावर, विशेषतः अंगठ्याच्या, नवी काळी रेघ आली तर सावध. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मुळाशी स्वच्छ नख उगवतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणून दोन-तीन महिने लागतील, पण फरक दिसतो. रेघ मुळापासून सुटतच नाही, मुळाशी रुंद होत चालली आहे, किंवा काळेपणा नखातून बाजूच्या कातडीवर उतरलाय, तर हे तीन महिनेही देऊ नका. जमैकाचा गायक बॉब मार्ले, त्याला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच कॅन्सर झाला होता. १९८१ साली तो गेला, वय ३६. फुटबॉलचा मार असावा असंच आधी वाटलं होतं. आणखी एक: हा दर वेळी काळा नसतो. नखाशेजारी लालसर ओलं मांस वाढून महिनोन्‌महिने बसत नसेल, तर “नख आत रुतलंय” म्हणून नुसतं कापत राहू नका.

६. दवाखान्यात

कातडीच्या डॉक्टरकडेच जा. बेळगावात सिव्हिलला, म्हणजे बिम्स या सरकारी दवाखान्यात, आणि केएलई या खासगी दवाखान्यात, दोन्हीकडे तो विभाग आहे. ते छोट्या भिंगातून तळव्याच्या रेषा बघतात: रंग खाचेत असला तर बहुधा तीळ, उंचवट्यावर असला तर संशय. बेंगळूर-म्हैसूरकडचा डॉक्टर असेल तर त्याला मराठी येईलच असं नाही, म्हणून एवढं पाठ ठेवा: “गाय एरडु तिंगळिंद वासियागिल्ल”, जखम दोन महिन्यांपासून बरी झालेली नाही. कानडीत जखमेला गाय म्हणतात. आमच्या गावची एक म्हातारी “गाय एल्लिदे?” ऐकून डॉक्टरला म्हणाली, “गाय नाही हो सायेब, म्हैस हाय.”

तुकडा काढून तपासायला सांगितला तर “सुरी लागली की पसरतो” म्हणून पळून येऊ नका. तुकडा काढल्याने तो पसरत नाही. न काढता घरी बसल्याने पसरतो. पार्लरात किंवा गल्लीतल्या दवाखान्यात तीळ जाळून घेणं मात्र बंद करा, कारण जळालेलं लॅबला पाठवता येत नाही. कुणीही काहीही कापून काढलं तर ते तपासायला गेलं का, हे तिथंच विचारा. तो रिपोर्ट रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. पुढे आयुष्मान योजनेतून उपचारासाठी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी घ्यायला जाल, तेव्हा तो लागेल.