पापलेट बर्फात कसं ठेवायचं: नव्या खलाशांसाठी

सातपाटीच्या बोटीवर यंदा पहिल्यांदा चढणाऱ्या पोरांनो, जाळं टाकणं-ओढणं हाताला लवकर बसेल. बर्फ मारणं मात्र मन लावून शिका. आपला वाटा लिलावात ठरतो, आणि तिथे व्यापारी आधी डोळे बघतो, मग कल्ला उचलतो.

काम धक्क्यावरच सुरू होतं. बर्फाचा कप्पा घासून धुवा. फळ्यांच्या फटीत मागच्या फेरीचं रक्त राहिलं तर नव्या माशालाही वास धरतो. बर्फाच्या लाद्या बारीक फोडून घ्या. मोठे खडे माशाच्या अंगात रुततात, मधे पोकळी राहते आणि गारवा पोचत नाही. तळाला वीतभर थर, कडेने चार बोटं. इंजिनाच्या बाजूला जास्तच, कारण उष्णता तिथून जास्त शिरते.

किती बर्फ? किलोला किलो, आणि लांबच्या फेरीला दीडपट. समुद्राचं पाणी 28 अंश असलं तर एक किलो मासा शून्यावर आणतानाच साधारण 300 ग्रॅम बर्फ वितळतो. उरलेला बर्फ झाकणातून, लाकडातून येणाऱ्या उष्णतेला पुरायला हवा. नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, बर्फावर पैसे वाचवायला लागला तर तांडेलाने, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्याने, तिथेच अडवावं. मी तांडेल आहे, मी अडवतो.

गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्याशी अडकवणारं जाळं, वेळेवर ओढा. अडकून मेलेलं पापलेट कोमट पाण्यात लोंबकळत राहिलं की बर्फात जाण्याआधीच मऊ पडतं. सोडवताना शेपटी धरून खेचू नका. डोक्याकडचा आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, मोकळा करा. अंगावरची चांदी हाताला लागली की प्रत उतरली. मासा फेकू नका, त्यावर पाय देऊ नका, वर ओलं गोणपाट टाका आणि तासाच्या आत खाली उतरवा. धुवायला खुल्या समुद्राचंच पाणी. खाडीत शिरल्यावर बादली टाकायची नाही.

आता थर. बर्फ, मासा, पुन्हा बर्फ. माशाला मासा चिकटता कामा नये. पापलेट अख्खं, आडवं. क्रेट काठाच्या दोन बोटं खालपर्यंतच भरा, नाहीतर वरच्या क्रेटचा भार माशावर येतो. वितळलेलं पाणी वाहून गेलं पाहिजे, म्हणून तळाची भोकं रोज हाताने मोकळी करा.

मोठी सुरमई मिळाली तर पोट आणि कल्ले काढून, धुऊन, पोटात बर्फ भरा. घोळ मासळी मात्र तांडेलाला विचारल्याशिवाय चिरू नका. तिच्या बोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, मांसापेक्षा कितीतरी जास्त भाव येतो, आणि सुरी लागली की तो गेला.

बांगडा आणि कुपा (ट्यूना) यांना उन्हात अजिबात ठेवू नका. उष्णतेने त्यांच्यात हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. हा मासा कुणाच्या तरी लेकरांच्या ताटात जाणार आहे, हे विसरू नका.

कप्पा पहाटे आणि रात्री उघडा, बर्फ खचला असेल तिथे भर घाला. दुपारी झाकणाला हात लावायचा नाही.

पहिल्या दिवसाचा आणि शेवटच्या दिवसाचा मासा वेगळा ठेवा, टोपल्या भरतानाही मिसळू नका. एक शिळी टोपली ताज्या टोपल्यांचाही भाव पाडते.