डिस्कसची अंडी पांढरी पडतात? मग घरी ब्रीडिंग करताना या चुका टाळा

डिस्कस या शोभेच्या माशाची अंडी पांढरी पडली की बहुतेकांचा हात आधी मिथिलीन ब्लूच्या बाटलीकडे जातो. बुरशी लागली असे धरून चालायचे, या वेळी चार थेंब टाकायचे, पुढच्या वेळी सहा. पण बुरशी मुख्यतः धरते ती मेलेल्या अंड्यांवर. अंडे फळलेलेच नसेल तर बाटली रिकामी केली तरी त्यातून पिल्लू निघणार नाही. म्हणून औषधाआधी घड्याळ बघा. बिघाड नेमका किती तासांनी दिसला, यावरच पुढचे सगळे निदान अवलंबून आहे.

२८ ते ३० अंश तापमानाला अंडी साधारण अडीच दिवसांत फुटतात. चांगले अंडे पहिल्या दिवशी पिवळसर आणि आरपार दिसते. दुसऱ्या दिवशी त्यात काळपट ठिपका येतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच जवळजवळ सगळी अंडी दुधासारखी पांढरी दिसली, तर ती फळलीच नव्हती. ठिपका येऊन मग पांढरी पडली, तर गोष्ट वेगळी. तिथे बुरशी, कमी हवा किंवा रात्रीत घसरलेले तापमान यांवर संशय घ्या. मिथिलीन ब्लूचा उपयोग असलाच तर इथे.

दोन माद्यांची ‘जोडी’

डिस्कसमध्ये नर-मादी रंगावरून किंवा आकारावरून खात्रीने ओळखता येत नाहीत. कपाळ फुगीर म्हणजे नर, हा दुकानातला नियम अनेकदा फसवतो. दोन माद्याही एकमेकींसमोर थरथरतात, मिळून कोन (अंडी घालण्यासाठी टाकीत ठेवलेला शंकू) साफ करतात, अंडी घालतात आणि राखणही करतात. अंडी घालायच्या वेळी पोटाखालची नळी बघा. मादीची जाड आणि टोकाला बोथट असते, नराची बारीक आणि निमुळती. त्यापेक्षा भरवशाची खूण म्हणजे त्यांची चाल. मादी कोनावर अंड्यांची एक ओळ लावते आणि तिच्या मागून नर त्याच ओळीवरून सरकत जातो. दोघेही अंडी लावत असतील, तर प्रश्न मिटला, त्या दोन्ही माद्या.

नर खरा असूनही कोवळा असू शकतो. मादी बऱ्याचदा त्याच्याआधी तयार होते, तेव्हा पहिल्या काही खेपा वाया गेल्या तर जोडी मोडू नका. मात्र स्वस्तातल्या, लहान वयातच भडक रंग आलेल्या माशांपासून सावध राहा. रंगासाठी संप्रेरके दिलेल्या माशांची प्रजननक्षमता जाऊ शकते.

टीडीएस मीटरवर आंधळा विश्वास

डिस्कस मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला, क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्यातला. शेतावर पैदा झालेला मासा आपल्या नळाच्या पाण्यात मजेत जगतो, अंडीही घालतो. अडते ते फलन, आणि त्यात मुख्य अडथळा कॅल्शियमचा. मुंबईत तानसा-भातसाचे पाणी मुळातच मृदू आहे, तिथे फारसे काही करावे लागत नाही. खरा त्रास बोअरिंग आणि टँकरच्या पाण्याचा.

इथे एक चूक हमखास होते. सोसायटीत मिठावर चालणारा सॉफ्टनर असतो, त्यामुळे आपले पाणी मृदू आहे असे वाटते. तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे मीटरवरचा आकडा जवळपास तोच राहतो. मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, कॅल्शियम किती हे सांगत नाही. कडकपणाचे वेगळे टेस्ट किट घ्या, किंवा सरळ आरओचे पाणी मिसळा. नळाचा टीडीएस ४०० आणि आरओचा २० असेल, तर एक बादली नळाचे आणि चार बादल्या आरओचे मिळून साधारण ९६ भरतो. ब्रीडिंगला तेवढे पुरते.

निव्वळ आरओ मात्र नको. अशा पाण्याला पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, धरून ठेवता येत नाही आणि तो अचानक कोसळतो. पीएच सहाच्या खाली गेला की फिल्टरमधले जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. आम्ल पाण्यात तो फारसा बाधत नाही. पण त्यात पीएच साडेसात-आठचे ताजे पाणी ओतले की तोच विषारी होतो. ‘पाणी बदलले आणि मासे गेले’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असते, किंवा मग क्लोरीन.

अंडी खातात

नवी जोडी खातेच. जुनीही खात असेल, तर टाकी येण्याजाण्याच्या वाटेवर आहे का, शेजारच्या टाकीतले मासे दिसतात का, रात्री दिवा एकदम बंद होतो का, हे तपासा. तरीही थांबत नसतील तर कोनाभोवती प्लास्टिकची जाळी लावा. पालक पंखांनी वारा घालू शकतील पण तोंड पोचणार नाही, एवढे अंतर ठेवा. पिल्ले बाहेर आली की जाळी काढा.

पिल्ले पालकांना चिकटत नाहीत

सगळ्यात जास्त पिल्ले इथे जातात, आणि बहुधा टाकीतल्या सामानामुळे.

फुटल्यावर दोन-तीन दिवस पिल्ले कोनावरच शेपट्या हलवत लटकतात. मग ती सुटतात आणि पालकांच्या अंगावर जातात, कारण त्यांचे पहिले अन्न म्हणजे पालकांच्या त्वचेवरचा चिकट स्राव. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अंडी घातल्यानंतर या स्रावातली प्रथिने आणि प्रतिपिंडे वाढतात असे दिसले. म्हणजे इथे बाहेरची पावडर हा पर्याय नव्हे.

पिल्लू गडद रंगाकडे ओढले जाते. पिल्लांच्या काळात पालकांचे अंगही काळवंडते. आता टाकीत काळा स्पंज फिल्टर, काळा हीटर आणि मागे काळा कागद असेल तर? पिल्ले स्पंजला घोळक्याने चिकटतात आणि उपाशी मरतात. पिजन ब्लडसारख्या फिक्या अंगाच्या जातीत हा घोळ जास्त, कारण पालक पुरेसे काळवंडतच नाहीत.

म्हणून तळ उघडा ठेवा, मागचा कागद फिका लावा, गडद वस्तू त्या काही दिवसांपुरत्या काढा किंवा पांढऱ्या जाळीने झाका. पाण्याची पातळी सात-आठ इंचांवर आणा आणि हवा अगदी मंद करा. रात्री खोलीत झिरोचा बल्ब चालू राहू द्या, नाहीतर अंधारात भरकटलेले पिल्लू परत येत नाही. नर भांडत नसेल तर त्याला बाहेर काढू नका. एक पालक थकला की अंगाला झटका देऊन पिल्ले दुसऱ्याकडे सोपवतो, एकटी मादी लवकर सोलवटून निघते.

घाईचे खाणे

पोहायला लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून ताजे फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव) द्या. लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम जाडे मीठ, खालून जोरदार हवा आणि २८ अंशांच्या आसपास तापमान ठेवले, तर दिवसभरात ते फुटतात. टरफले वेगळी करा, मीठ धुऊन टाका. पिल्लांची पोटे नारिंगी दिसली की समजा, खाल्ले. उरलेले तासाभरात नळीने ओढून घ्या.

तिसऱ्या आठवड्यात पालक पिल्लांपासून दूर पळू लागतात आणि त्यांच्या अंगावर ओरखडे दिसतात. तेव्हा पिल्ले वेगळी करा. वाढीसाठी त्यांना मृदू पाणी लागत नाही, स्वच्छ लागते. आठवडाभरात हळूहळू नळाच्या क्लोरीनमुक्त पाण्यावर आणा आणि आरओच्या बादल्या जोडीच्या पुढच्या खेपेसाठी राखा. चांगले खाणे मिळाले तर तीही फार दिवस थांबत नाही.