जेवण झालं की चाला: साखर स्नायूंकडे वळवण्याची रीत

मधुमेह म्हटलं की ‘पहाटे उपाशीपोटी तासभर चाला’ हा सल्ला ठरलेला. पहाटेचं चालणं वाईट नाही. पण जेवणानंतर चढणारी साखर उतरवायची तर जेवणानंतरच चालायला हवं. एरवी रक्तातली साखर पेशींत शिरायला इन्शुलिन लागतं, पण काम करणारा स्नायू त्यावर अडून राहत नाही. त्याच्या पेशींत ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिनं असतात. स्नायू आकुंचन पावला की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत घेतात. टाइप २ मधुमेहात इन्शुलिनचा रस्ता तुंबलेला असतो, हा रस्ता मात्र बराचसा मोकळा असतो.

जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत उठा. पंधरा मिनिटं चाला. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतपत वेगात. बाहेर पाऊस असेल तर खुर्चीवरून उठबस करा, मांड्यांचे मोठे स्नायू कामाला लागतात.

आता खरी अवघड गोष्ट. ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातलं इन्शुलिन वाढवणारी गोळी किंवा इन्शुलिनचं इंजेक्शन चालू असेल तर औषध आणि स्नायू दोन्ही एकाच वेळी साखर खाली ओढतात. मला सगळ्यात जास्त झुंजायला लागलं ते इथेच. निघण्याआधी ग्लुकोमीटरवर ९० च्या खाली आकडा दिसला तर आधी थोडं खा. हात थरथरले, दरदरून घाम सुटला की थांबा आणि साखर मोजा. ७० च्या खाली असाल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ‘खिशात चॉकलेट ठेवा’ हे ऐकू नका. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते, आणि तेव्हा उशीर परवडत नाही.

घरी परतलात म्हणजे संपलं, असंही नाही. रिकामा झालेला आपला साखरेचा साठा भरायला स्नायू पुढचे कित्येक तास साखर घेत राहतात. संध्याकाळी जास्त चालणं झालं तर रात्री झोपेत साखर घसरू शकते, म्हणून त्या दिवशी निजण्यापूर्वी मोजाच. इन्शुलिन घेणाऱ्यांनी चालण्याआधीचं इंजेक्शन मांडीत घेऊ नये. चालताना तिथून ते लवकर शोषलं जातं.

चालण्याचा हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो, त्यामुळे सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको. डोस मनाने कमी करू नका. चाललेल्या आणि न चाललेल्या दिवसांचे आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.