राडारोडा वेगळा करायचा तो तोडतानाच

फ्लॅटची तोडफोड काढताना सगळा माल एकाच ढिगात पडू देऊ नका. स्वच्छ काँक्रीट आणि विटा भरडून पुन्हा खडी-वाळू मिळते. आयएस ३८३ : २०१६ या भारतीय मानकानुसार काँक्रीटची भरडलेली खडी एम-२५ ताकदीपर्यंतच्या आरसीसीत, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटमध्ये, २० टक्क्यांपर्यंत चालते. पण त्यात पीओपी मिसळलं की माल बिघडला. पीओपी म्हणजे जिप्सम. त्यातलं सल्फेट सिमेंटबरोबर फुगतं आणि नव्या कामाला तडे जातात. एकदा कालवलेलं हाताने निवडता येत नाही.

म्हणून क्रम पाळा. वीज-पाणी बंद करून दारं, खिडक्या, नळ, वायरी आधी उतरवा. हे भंगारवाला विकत घेतो. मग पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्याच्या गोण्या वेगळ्या. लादी आणि भिंत शेवटी, पाणी शिंपडत. गच्चीवर जुने सिमेंटचे नालीदार पत्रे असतील तर ते फोडू नका, कापू नका. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओले करून, बोल्ट सोडून अख्खे उतरवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि राडारोड्यात न देता घातक कचरा म्हणून द्या.

अंदाज असा: १० × १० फुटांच्या खोलीची लादी व खालचा दोन इंची माल म्हणजे साधारण एक टन, २५ किलोच्या ४० गोण्या. तेवढ्याच क्षेत्रफळाची साडेचार इंची भिंत प्लास्टरसह अडीच टनांपर्यंत जाते. गोणी अर्धीच भरा, नाहीतर जिन्यात फाटते.

सर्वांत धोक्याची चूक ढीग रचण्याची. घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो वापरभार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरून बांधतात. राडारोड्याचा अर्धा फुटी थर तेवढा भरतो. मध्यभागी कमरेएवढा ढीग म्हणजे पाच-सहापट भार! माल रोजच्या रोज खाली न्या.

प्लास्टर झडलेले विटांचे तुकडे गच्चीच्या ब्रिकबॅट कोब्याला (पाणी अडवणाऱ्या, वीटतुकड्यांच्या थराला) उपयोगी. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये मात्र राडारोडा भरू नका. तो पाणी धरतो, गळती खालच्या घरात उतरते.

उरलेल्यासाठी महापालिकेला विचारा. मुंबईत राडारोडा उचलून नेणारी ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, पुण्यात वाघोलीला प्रक्रिया प्रकल्प. खासगी टेम्पो असेल तर ताडपत्री बांधायला लावा आणि राडारोडा केंद्रावर उतरवल्याची पावती पाहिल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. स्वस्तातला टेम्पो अनेकदा खाडीकाठी रिकामा होतो आणि तिवरांची श्वासमुळं गाडली जातात.